लाल साडू, निळी लेक

जगातल्या यच्चयावत माणसांचे दोनच प्रकार आहेत, आणि ते दोन्ही माझ्या थोरल्या साडूंनी शोधून काढलेले आहेत: लाल आणि निळे. गरीब-श्रीमंत, शाकाहारी-मांसाहारी, मेट्रोने जाणारे आणि मेट्रो झाल्यावरही रिक्षाच शोधणारे, हे सगळे भेद त्यांच्या लेखी वरवरचे. माणसाच्या घरच्या संगणकात कोणत्या कंपनीचा प्रोसेसर आहे, यावरून ते त्याचा स्वभाव, संस्कार आणि मुलाबाळांचं भवितव्य सांगतात. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, एवढं मलाही ठाऊक आहे. घरोघरच्या संगणकांसाठी हे मेंदू बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मुख्यतः दोन, आणि त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. साडू त्यांची खरी नावं घेत नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव न घेता "आमचे हे" म्हणत, त्याच लाजऱ्या सुरात ते "आमचा लाल" म्हणतात. "निळा" हा शब्द मात्र बांधावरून कोर्टात गेलेल्या चुलतभावाचा उल्लेख करावा, तसा तोंडातून काढतात.

आमची पहिली भेट माझ्याच बघण्याच्या कार्यक्रमात झाली. म्हणायला मी मुलगी बघायला गेलो होतो, पण बघितलं गेलं मलाच. सासरे गावाची चौकशी करत होते, सासूबाई माझ्या मामांची माहिती काढत होत्या, आणि थोरले जावई म्हणून कोचावर मानाने बसलेले हे गृहस्थ पोह्यांची बशी हातात धरून माझ्याकडे टक लावून बघत होते. दाट मिश्या, रुंद खांदे, साताऱ्याकडचा रापलेला रंग. मला वाटलं, आता हे जमीनजुमला विचारणार. त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "घरच्या कॉम्प्युटरला प्रोसेसर कुटला हाय?" मी म्हणालो, "घरी नाही कॉम्प्युटर. बँकेत आहे." "मग त्याला कुटला?" मी पुरता गोंधळलो. "बहुतेक पांढरा असावा," मी म्हणालो. साडूंनी सासऱ्यांकडे वळून निर्वाळा दिला, "हरकत नाय. पोरगा कोरा हाय. वळण लावता येईल." माझं लग्न बँकेच्या नोकरीवर ठरलं की या निर्वाळ्यावर, हे मला अजून कळलेलं नाही. वळण लावायचं मात्र त्यांनी आजतागायत सोडलेलं नाही. ते मला "धाकटे" म्हणतात, मी त्यांना दादा म्हणतो, आणि त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, ती आम्हा सगळ्यांची ताई.

साडूंचे वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. पाठीवरून गोण्या वाहत वाहत पुढे टोळीचे मुकादम झाले. कोणती गोणी कोणाच्या पाठीवर द्यायची, हे ठरवणारा तो मुकादम. साडूंच्या शाळेच्या सुट्ट्या त्या मार्केटातच गेल्या, त्यामुळे संगणकाच्या पोटातलं सगळं राजकारण त्यांना कांद्याच्या गोण्यांतूनच दिसतं. प्रोसेसरच्या आत काम वाटून घेणारे जे भाग असतात, त्यांना ते गडी म्हणतात. मला शिकवताना ते म्हणायचे, "निळ्याकडं गडी कमी, पन एकेक पैलवान. लालकडं गडी जास्त, पन अंगानं बेताचे. आता गेम म्हंजे काय? एकच दांडगी गोणी. फोडून वाटता येत नाय. ती पैलवानच पळवनार. म्हनून गेम निळ्यावर जोरात चालायचा. त्यात त्याचं कसलं आलंय कौतुक?" पुढे लाल कंपनीने कसली तरी युक्ती काढली आणि गेम तिच्याकडे जास्त पळायला लागला, तेव्हा त्यांनी मला फोन करून बँकेतून बाहेर बोलावलं. "टोळीच्या डोक्यावर पोटमाळा काढलाय लालनं! लागनारा माल वरच रचलेला. गाळ्यात हेलपाटा मारायलाच नको!" निळ्या कंपनीने मोठे आणि छोटे असे दोन जातींचे गडी एकाच टोळीत घातले, त्यावर साडू आठवडाभर हसत होते. "मुकादम जरा चुकला की पैलवान बसलेत तंबाखू मळत आनि गोणी पोरासोरांच्या डोक्यावर!" यातलं किती खरं, ते मला ठाऊक नाही. पण तेव्हापासून मी बँकेतल्या संगणकासमोर बसलो की आत कोणीतरी वाकून गोणी उचलतंय असं वाटतं, आणि एका वेळी जास्त खिडक्या उघडायला जीव होत नाही.

निष्ठा म्हणजे काय, ते मी या माणसाकडून शिकलो. मधे लाल कंपनीचे फार वाईट दिवस आले होते. प्रोसेसर मंद, वीज खायला पुढे, आणि तापायचा तर असा की साडू गेम लावून बसले की बाकीचं घर पंखा घेऊन गॅलरीत जायचं. तेव्हा ते कोपरखैरण्याच्या लहान घरात राहत. त्या उन्हाळ्यात ताईंनी गच्चीचा जिना चढायचं सोडून दिलं आणि सांडग्यांचं ताट संगणकाच्या मागच्या गरम वाऱ्याला लावलं. सांडगे असे खुटखुटीत वाळले की शेजारच्या दोघी आपापली ताटं घेऊन आल्या. "यांच्या लालने एवढं तरी पुण्य केलं," ताई म्हणाल्या. मी एकदा धीर करून सुचवलं, "दादा, एकदा निळा वापरून तर बघा." साडू माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "धाकटे, बायकोचं डोकं तापलं म्हनून कोन दुसरी करतं का?" आतून ताईंचा आवाज आला, "करा की! बघू तर खरं कोण जास्त तापतंय." साडूंनी मुकाट्याने गेम बंद केला.

मग लालचे दिवस पालटले. नवा प्रोसेसर आला, थंड डोक्याचा आणि चपळ, आणि एरवी परदेशी कंपनीच्या यशापयशाशी ज्याचा काडीचा संबंध नाही अशा या माणसाने खारघरच्या नव्या सोसायटीत घरोघर पेढे वाटले. वॉचमनने विचारलं, "साहेब, नातू झाला काय?" साडू म्हणाले, "पुनर्जन्म झाला." समोरच्या फ्लॅटमधल्या बशीरभाईंनी मात्र पेढा हातात घेऊन फक्त मान हलवली. बशीरभाई मूळचे म्हसळ्याचे, मसाला मार्केटात त्यांचा गाळा, आणि ते जन्माचे निळे. ईदला शिरखुर्मा इकडे येतो, दिवाळीला करंज्या तिकडे जातात, पण लिफ्टमध्ये दोघांचं युद्ध कधी थांबलेलं नाही. "काय ओ, तुमच्याकडे अजून सांडगे वाळतात काय?" असं बशीरभाईंनी म्हणायचं, आणि साडूंनी त्यांच्या वर्मावर बोट ठेवायचं. ते वर्म असं, की निळ्या कंपनीचा प्रोसेसर बदलला की तो बसवायचा बोर्डही बहुतेक वेळा बदलावा लागतो. लालचा बोर्ड वर्षानुवर्षं तोच, फक्त मेंदू नवा घालायचा. "तुमच्यात देव बदलला की देव्हारा पन बदला," साडू म्हणायचे, "आमच्यात देव्हारा घराण्याचा." इथे पाचवा मजला यायचा आणि युद्ध दुसऱ्या दिवसावर जायचं.

एवढं सगळं ज्या गेमसाठी, तो गेम साडू खेळतात कसा, हे एकदा बघण्यासारखं आहे. ते खेळतच नाहीत. पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा येतो, संगणक सेकंदाला किती चित्रं काढतोय त्याचा. साडूंची नजर त्या आकड्यावर. गेममधला त्यांचा शिपाई बंदूक खांद्याला लावून कुठल्यातरी टेकडीवर उभा राहतो आणि पाण्याकडे, झाडांकडे, मावळतीच्या सावल्यांकडे बघत बसतो, कारण तिथे संगणकाला जास्त काम पडतं. लढायचं काम त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, ऋतुजाचं. पाय जमिनीला पोचत नव्हते तेव्हापासून ती बापाशेजारी खुर्ची टाकून बसते. त्यांच्या दर रविवारच्या दुपारचा हा संवाद मी कितीदा ऐकलाय. "पप्पा, गोळ्या मारा ना! मरतोय आपण!" "मर तू, पन बघ, येवढा धूर झाला तरी आकडा खाली आला नाय!" "पप्पा, आपण मेलो." "अगं पन मरताना बी काय चाललंय बघ की सुरळीत!" महाप्याच्या ज्या कारखान्यात साडू नोकरीला आहेत, तिथे वजनकाटे बनतात आणि काटा बरोबर दाखवतोय की नाही हे तपासायचं काम त्यांचं. जन्मभर काट्याकडेच बघितलेल्या माणसाला तागडीत काय आहे ते दिसत नाही, असं ताई म्हणतात.

आता दसऱ्याचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. साडूंचे वडील दसऱ्याला आपला आकडा पुजायचे. गोणीत अडकवून ती ओढून घ्यायला माथाड्यांच्या हातात जो लोखंडी हूक असतो, तो आकडा. वडील गेले, पण तो साडूंच्या देवघराशेजारी खिळ्याला टांगलेला आहे, आणि दसऱ्याला पाटावर त्या आकड्याशेजारी यांचा प्रोसेसर बसतो. त्यासाठी तो संगणकातून बाहेर काढायचा, स्पिरिटने पुसायचा, हळदकुंकू दुरूनच दाखवायचं, आणि पाठीवर नवी पेस्ट लावून परत बसवायचा. ही पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्यामधला मलम, उष्णता वाहून नेणारा. वर्षभराने ती सुकून डिंकासारखी धरते, आणि सगळी गोम तिथे आहे. पंखा थंड असताना सरळ वर ओढला तर तो प्रोसेसरला सोडत नाही, त्याला खाचेतून उपटूनच वर येतो, आणि प्रोसेसरच्या अंगाला असलेल्या केसाएवढ्या बारीक पिना वाकतात. म्हणून साडूंचा नियम: आधी गेम लावून प्रोसेसर चांगला गरम करायचा, पेस्ट मऊ झाली की संगणक बंद करून पंखा हलक्या हाताने इकडेतिकडे फिरवायचा, आणि मगच उचलायचा. "चिकटलेलं मानूस असो नायतर पंखा असो," ते म्हणायचे, "गरम केल्याबिगर सोडवायचं नाय." आणि हे गरम करायचं काम ऋतुजाचं. दसऱ्याच्या सकाळी अंघोळ करून, नवा फ्रॉक घालून ती पोरगी गेम खेळायला बसायची आणि बाप मागे उभा राहून आरती संपायची वाट बघावी तसा हात जोडून थांबायचा. फ्रॉकचा पंजाबी ड्रेस झाला, पण रिवाज तोच राहिला.

त्याच खोलीत तिचं वेड वाढलं. इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, पुढे चिपा कशा बनवतात याचंच मोठं शिक्षण घेतलं. साडूंनी मनात पक्कं धरलं होतं की पोरगी लालमध्ये जाणार. तिनेही बापासाठी पहिला अर्ज तिकडेच केला होता. लालकडून काही बोलावणं आलं नाही. ("तिथं निळ्याची मानसं बसली असनार," साडू म्हणाले.) आणि एका संध्याकाळी निळ्या कंपनीच्या बंगळूरच्या ऑफिसातून होकार आला. दसरा दोन दिवसांवर होता, आणि दसऱ्याची सुट्टी संपली की त्यांना उत्तर द्यायचं होतं.

ताईंचा मला फोन आला तेव्हा त्या हसत होत्या की रडत होत्या, ते कळेना. पोरगी म्हणत होती, पप्पा हो म्हणाल्याशिवाय मी जाणार नाही. पप्पा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते, नुसतं "बघू" म्हणत होते. बशीरभाई मिठाईचं खोकं घेऊन दारात आले, "मुबारक! शेवटी घरात निळा आला की नाय?" म्हणाले, आणि साडू हसून दार लावून आत गेले ते जेवायलाही बाहेर आले नाहीत. "लाल-निळ्याचं मेलं निमित्त आहे," ताई मला म्हणाल्या. "लालने बोलावलं असतं तरी पोर बंगळूरलाच गेली असती. ते यांना आता उमगलंय, आणि बोलायला तोंड नाही."

दसऱ्याला आम्ही नवरा-बायको सोनं द्यायला म्हणून सकाळीच खारघरला पोचलो. दाराला झेंडूचं तोरण होतं, पाटावर आकडा होता, आणि घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. ऋतुजा नवा ड्रेस घालून स्वयंपाकघरात उगाच भांडी पुसत होती. तिला कोणी गेम लावायला बोलावलं नव्हतं, आणि न बोलावता ती जात नव्हती. आतल्या खोलीत साडूंनी संगणक उघडला होता. मी दारातून "दादा" म्हणून हाक मारली आणि त्याच वेळी कट्‌ असा आवाज झाला. साडूंच्या हातात पंखा होता आणि पंख्याला खालून प्रोसेसर लटकत होता. ज्या माणसाने मला हा नियम झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल इतका घोकायला लावला होता, त्याने संगणक थंड असताना पंखा सरळ वर ओढला होता. गरम करायचं काम मुलीचं, आणि मुलीशी अबोला. मग गरम करणार कोण?

साडू खाली बसले. पंखा मांडीवर घेऊन बसले, एखाद्या लहान मुलाला लागलं म्हणजे बाप बसतो तसे. "वाकल्या," एवढंच म्हणाले. एका कडेच्या पिनांची रांग, शेतातलं पीक आडवं व्हावं तशी एका अंगाला झुकली होती. ऋतुजा हात पुसत दाराशी आली. तिने एकदा पंख्याकडे बघितलं, एकदा बापाकडे. "थंडच ओढलात?" तिने विचारलं. साडूंनी मान खाली घातली. असं पोरीपुढे मान खाली घालताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

ती तडक वळली. आत गेली, शिसं बदलायची आपली शाळेतली पेन्सिल घेऊन आली, तिच्यातलं शिसं काढून टाकलं, आणि खिडकीशी टेबल ओढून बसली. त्या पेन्सिलीच्या पोकळ टोकात एक पिन बरोब्बर मावते. एकेक पिन टोकात घ्यायची आणि जपून सरळ करायची; जरा जोर जास्त झाला तर मोडलीच. "टॉर्च धरा," ती म्हणाली. साडूंनी मोबाइलचा दिवा धरला. दिवा स्थिर राहावा म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट पकडलं. बाहेरून ताईंच्या पुऱ्या तळल्याचा आवाज येत होता.

"पप्पा," मान वर न करता ती म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही जाणार. खरंच. इथे मिळेल काहीतरी."

साडूंनी दिवा जरा जवळ धरला. मग म्हणाले, "तितं काम काय देनार तुला?"

"व्हेरिफिकेशन. म्हणजे चिप बनायच्या आधी तिच्यातल्या चुका शोधायच्या."

"कुनाच्या चुका?"

"त्यांच्याच. त्यांनी जे डिझाइन केलंय त्यातल्या."

"निळ्याच्या चुका?" साडूंचा आवाज जरा चढला. "निळ्याच्या चुका काडायला निळाच पगार देनार?"

"हो."

साडूंनी माझ्याकडे बघितलं, दारातून दिसणाऱ्या वडिलांच्या आकड्याकडे बघितलं, छताकडे बघितलं. त्यांच्या मिश्या हलायला लागल्या. "जा मग!" ते म्हणाले. "आगं, मी जन्मभर फुकट काडतोय!" आणि एवढं म्हणून तो धिप्पाड माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. ऋतुजा म्हणाली, "पप्पा, दिवा हलतोय," पण तीही रडत होती, आणि तिने पेन्सिल आधीच खाली ठेवली होती. मी उगाच टॉर्च हातात घेतला. ताई झारा घेऊन दारात आल्या, दोघांना बघितलं आणि म्हणाल्या, "झालं का गरम? आता सोडवा एकमेकांना, श्रीखंड वाढायचंय."

पिना सरळ झाल्या. संगणक पहिल्या झटक्यात चालू झाला, आणि त्या दसऱ्याला प्रथमच गेम पूजेच्या नंतर खेळला गेला. मग ती बंगळूरला गेली. दुसऱ्या वर्षी तिला दसऱ्याला रजा मिळाली नाही आणि प्रोसेसर गरम करायचं काम माझ्यावर आलं. नवा शर्ट घालून मी बसलो. माझा शिपाई एका भिंतीला तोंड लावून चालत राहिला, हलेचना. साडू मागे हात जोडून उभे होते. "चालू द्या, धाकटे," ते म्हणाले. "गरम होतंय." एरवी ते मला गाढवाला गुळाची चव काय म्हणाले असते.

काही वर्षं गेली आणि ऋतुजाने जिच्यावर काम केलं होतं ती चिप बाजारात आली. तिने फोनवर हजारदा बजावलं, "पप्पा, हजारो लोकांचं काम असतं त्यात. माझं एवढंस्सं." एवढंस्सं म्हणजे काय, हे तिने त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं: त्या मोठ्या आणि छोट्या गड्यांच्या टोळीत कोणती गोणी कोणाला द्यावी, ते मुकादमाला खुणावणारा एक भाग असतो, त्याच्या चुका तिने शोधल्या होत्या. साडू फोन ठेवून वडिलांच्या आकड्यासमोर जाऊन उभे राहिले. "नात मुकादम झाली," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन वाशीच्या नेहमीच्या दुकानात गेले. दुकानदाराने त्यांच्यापुढे लाल खोकी मांडायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी खाली मान घालून निळ्याकडे बोट दाखवलं. दुकानदार खुर्चीतून उठला. "साहेब, तब्येत बरी आहे ना? मुलीसाठी पाहिजे का?" "मुलीसाठी न्हाय," साडू म्हणाले, "मुलीचा हाय." आणि तक्रार न करता देवाबरोबर नवा देव्हाराही विकत घेतला.

तो बसवायला बशीरभाई आले, कारण निळ्याची रीत वेगळी. साडूंच्या लालमध्ये पिना प्रोसेसरच्या अंगाला, निळ्यामध्ये प्रोसेसर खालून सपाट आणि पिना बोर्डाला. (लाल कंपनीनेही अलीकडे हीच पद्धत घेतली आहे, असं बशीरभाई म्हणतात. साडूंच्या समोर म्हणत नाहीत.) साडूंनी ती चिप तळहातावर घेतली, बोटाने तिचं गुळगुळीत पोट चाचपून बघितलं, मग बोर्डाच्या रिकाम्या चौकोनात उभ्या असलेल्या सुयांच्या रानाकडे बराच वेळ बघत राहिले. "कायतरी हाय बगा बशीरभाई," शेवटी म्हणाले. "तुमच्यात चिप जाते ती हसतखेळत जाते. टोचनारं सगळं घरात ऱ्हातं." बशीरभाईंची मुलगी निकाह होऊन कतारला असते. त्यांनी साडूंच्या तळहातावरची चिप उचलून अलगद त्या चौकोनात ठेवली आणि तिला धरून ठेवणारी पट्टी वरून लावली.

या दसऱ्याला आम्ही गेलो तेव्हा पाटावर आकड्याशेजारी लाल प्रोसेसर होता, आणि निळा संगणक जागेवरच चालू होता, त्याच्या कॅबिनेटला झेंडूचा हार. ताई म्हणाल्या, "आत आहेत. मुलीबरोबर." ऋतुजा बंगळूरला तिच्या खोलीत आणि हे इथे, दोघं एकच गेम खेळत होते. मी जाऊन साडूंच्या शेजारी तिची जुनी खुर्ची होती तिथे बसलो. सवयीने माझी नजर पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात गेली, आणि मी दचकलो. तिथे आकडा नव्हता.

"दादा, आकडा कुठे गेला? बिघडला का काय?"

"बंद केलाय," साडू म्हणाले.

"का?"

त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "त्या कोपऱ्यात तिचं नाव येतं, ती आली की. आकडा बरोबर त्याच्यावर बसायचा. दिसायचं नाय."

कोपऱ्यात तिचं नाव होतं, आणि शेजारी एक बारीक हिरवा ठिपका. पडद्यावर तिचा शिपाई पुढे पुढे पळत होता, टेकडीला वळसा घालून झाडीत शिरत होता. पाण्यावर मावळतीचं ऊन पडलं होतं, सावल्या लांब झाल्या होत्या, संगणकाला अगदी भरपूर काम होतं. हेडफोनमधून तिचा आवाज माझ्यापर्यंत आला, "पप्पा, मागे राहू नका हं!" आणि ज्या माणसाने जन्मभर त्या टेकडीवर उभं राहून सावल्या बघितल्या, तो सावल्यांकडे ढुंकूनही न बघता तिच्या मागे पळत सुटला.